१९५१ ची प्लायमाऊथ आणि मधले हात

चालकाच्या बाजूचा गालिचा उचलला तेव्हा खाली गाडीचा मूळ पत्रा असेल, फार तर गंजून चाळणी झालेला असेल, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे अ‍ॅल्युमिनियमचा एक अष्टकोनी तुकडा रिव्हेट मारून बसवलेला होता आणि त्याच्या कडांना डांबर फासलेले होते. गाडीखाली सरपटत जाऊन विजेरीचा झोत टाकला, तर त्या तुकड्याच्या रस्त्याकडच्या बाजूवर फिकट लाल रंग आणि त्यावर ‘स्टॉप’ ही पांढरी अक्षरे दिसली. कुणीतरी कधीतरी चौकातली पाटी पैदा करून गाडीच्या तळाला ठिगळ लावले होते. ब्रेकचे पेडल कसलाही प्रतिकार न करता थेट जमिनीला टेकणाऱ्या त्या गाडीत थांबण्याविषयी बोलणारी तेवढी एकच वस्तू होती.

चार हिवाळे या गाडीवर काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की सत्तर वर्षांच्या वयाने जुन्या गाडीचे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान मधल्या मालकांनी आणि मधल्या मिस्त्रींनी वेळ मारून नेण्यासाठी केलेल्या उपायांनी होते. गाडी पुन्हा उभी केली असे मी लोकांना सांगतो खरे, पण त्यातला निम्म्याहून अधिक वेळ दुसऱ्याने केलेले काम उलगडण्यात आणि त्याने ते तसे का केले असावे याचा तर्क लढवण्यात गेला आहे.

गाडी १९५१ ची प्लायमाऊथ क्रॅनब्रुक, चार दारांची. प्लायमाऊथ हे क्रायस्लर कंपनीचे १९२८ मध्ये सुरू झालेले आणि २००१ मध्ये बंद पडलेले स्वस्त घराणे. शिक्षक, कारकून, छोटे दुकानदार यांनी घ्यायची गाडी. तिला मोठे पंख नाहीत, फारसा झगमगाट नाही, आणि म्हणूनच संग्राहकांच्या बाजारात तिला आजही बेताचीच किंमत आहे. मिशिगनच्या दक्षिण भागातल्या एका शेतकऱ्याच्या कोठारात ती अनेक वर्षे उभी होती. विकणाऱ्याने बाटलीतून पेट्रोल पाजून इंजिन दोन मिनिटे चालवून दाखवले, मी भाळलो, आणि ती ओढगाडीवर चढवून डेट्रॉइटच्या उपनगरातल्या माझ्या गॅरेजात आणली.

पहिले छायाचित्र ठाण्याला वडिलांना पाठवले, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. “अरे, ही तर डॉज आहे,” ते म्हणाले. मी म्हटले, “बाबा, बोनेटवर प्लायमाऊथ लिहिले आहे.” ते ऐकेनात. बँकेत लागण्यापूर्वी तीन वर्षे ते परळच्या एका गॅरेजात हेल्पर होते, आणि अशा कितीतरी गाड्यांखाली आपण झोपलो आहोत असे त्यांचे म्हणणे होते. पुढे वाचताना लक्षात आले की त्यांचेही चुकत नव्हते. परदेशी बाजारासाठी क्रायस्लर प्लायमाऊथच्याच सांगाड्यावर डॉजची जाळी लावून ‘किंग्जवे’ आणि डीसोटोची जाळी लावून ‘डिप्लोमॅट’ या नावांनी गाड्या विकत असे, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डीसोटो आणि प्लायमाऊथ या तिन्ही नावांच्या गाड्यांची जुळणी होत होती. नावपट्टी काढली तर बाबांची डॉज आणि माझी प्लायमाऊथ एकाच आईची लेकरे. त्या दिवसापासून दर रविवारचा आमचा फोन गाडीवरच होतो. मी इथल्या सवयीने ‘जनरेटर’ आणि ‘स्टार्टर’ म्हणतो, ते ‘डायनॅमो’ आणि ‘सेल्फ’ म्हणतात, आणि हळूहळू माझ्याही तोंडात त्यांचेच शब्द बसले आहेत.

इंजिनापासून सुरुवात करणे ही माझी पहिली चूक, कारण सुरुवात ब्रेकपासून करायची असते. पण चालणाऱ्या इंजिनाचा मोह आवरत नाही. हे सहा सिलिंडरचे, २१७.८ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे ‘फ्लॅटहेड’ इंजिन आहे. यात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या बाजूला बसवलेले असतात, त्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. कारखान्याने मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना ९७ अश्वशक्ती सांगितली होती. या जातीची इंजिने प्लायमाऊथमध्ये १९३३ पासून १९५९ पर्यंत बसत होती, शिवाय शेतीच्या आणि कारखान्यांतल्या यंत्रांवरही ती लागत, त्यामुळे गॅस्केट, पिस्टन रिंगा, बेअरिंगे हे सारे आजही मिळते. ब्लॉकच्या डाव्या अंगाला पुढच्या बाजूस इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. १९५१ च्या क्रॅनब्रुकवर तो ‘पी-२३’ ने सुरू व्हायला हवा. माझ्या इंजिनावर तो ‘टी’ ने सुरू होतो, म्हणजे हे इंजिन कधीकाळी डॉजच्या ट्रकात होते. शुद्धतावादी मंडळींना हे खटकते. मला खटकत नाही. ज्याने ते बसवले त्याने ते नीट बसवले होते, आणि मधल्या हातांमधला तो एकमेव हात आहे ज्याला मी दाद देतो.

इंजिन तापायचे मात्र भयंकर. पंधरा मिनिटांत काटा शेवटाला जायचा. आधीच्या कुणीतरी त्यावर दोन इलाज केले होते: थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता आणि रेडिएटरची गळती बंद करण्यासाठी त्यात पूड ओतली होती. पहिल्या इलाजाने काही साधले नव्हते आणि दुसऱ्याने रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या बुजल्या होत्या. मूळ दुखणे वेगळ्याच जागी होते. या इंजिनांच्या ब्लॉकमध्ये, पाण्याच्या पंपाच्या मागून थेट शेवटच्या सिलिंडरपर्यंत, पातळ पत्र्याची एक चपटी नळी सरकवलेली असते. तिला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि पंपाने ढकललेले थंड पाणी त्या फटींतून नेमके एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींवर मारले जाते, कारण सर्वांत जास्त उष्णता तिथेच असते. ही नळी गंजली की पाणी सोपी वाट धरते, पुढच्या सिलिंडरांभोवती फिरून परत जाते, आणि पाचव्या-सहाव्या सिलिंडरच्या वाट्याला काहीच येत नाही. बाहेरून यातले काहीही दिसत नाही.

नळी काढण्यासाठी रेडिएटर आणि पंप दोन्ही उतरवावे लागतात. मग तारेचा आकडा करून ती पुढून ओढायची. माझी नळी पहिल्या ओढीत बोटभर आली आणि तुटली. त्यानंतर तीन शनिवार मी त्या भोकासमोर स्टुलावर बसून, वेगवेगळ्या आकाराचे आकडे करून, गंजलेल्या पत्र्याचे कपटे बाहेर काढत होतो. कान कोरण्याच्या कामाशी त्याचे फार साम्य आहे. ब्लॉकच्या बाजूची टोपणे काढली तर आत मागच्या बाजूला चिखल साचून वाळला होता, तोही खरवडून आणि पाण्याच्या जोराने धुऊन काढला. नवी नळी घातली, रेडिएटर एका जुन्या कारागिराकडून उघडून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट परत बसवला. त्यानंतर भर जुलैतही काटा मध्याच्या पुढे गेलेला नाही.

विजेच्या बाबतीत मला थोडी लाज वाटते, कारण माझे शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे आहे. गाडीत सहा व्होल्टची बॅटरी आहे. सेल्फ मारला की इंजिन आळसावून अर्धा फेरा फिरायचे आणि थांबायचे. “सहा व्होल्टच्या गाड्या अशाच असतात, बारा करून टाका,” असा सल्ला मला किमान पाच जणांनी दिला. सल्ला चुकीचा आहे हे साध्या हिशेबाने कळते. तेवढीच शक्ती निम्म्या व्होल्टवर द्यायची तर प्रवाह दुप्पट लागतो, आणि त्याच तारेत वाया जाणारा वाटा टक्केवारीत चौपट होतो. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला बॅटरीच्या केबली अंगठ्याएवढ्या जाड लागतात. माझ्या गाडीला कुणीतरी अलीकडच्या गाडीच्या बारीक केबली लावल्या होत्या. सेल्फ फिरत असताना मोजले तर बॅटरीच्या टोकांवर साडेपाच व्होल्ट आणि सेल्फच्या टोकावर जेमतेम चार. केबली बदलल्या, अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत केल्या, आणि इंजिन ताडकन फिरू लागले.

तरीही दोन गोष्टी जुळेनात. इंजिन भारावर अडखळायचे, आणि डायनॅमो व्यवस्थित चार्ज करत असताना अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडे, म्हणजे बॅटरी रिकामी होत असल्याच्या बाजूला, कलायचा. मी अ‍ॅमीटरच्या तारा उलट असतील असे धरून चाललो होतो. रविवारी हे बाबांना सांगितले, तर ते पलीकडून शांतपणे म्हणाले, “त्या गाड्यांना प्लस अर्थ असतो रे. तू मायनस तर नाही ना लावलास?” मी लावला नव्हता, तो तसा लावलेलाच मिळाला होता; पण तपासला मात्र मीही नव्हता. क्रायस्लरच्या गाड्यांत १९५५ पर्यंत सहा व्होल्ट आणि बॅटरीचे धन टोक सांगाड्याला, अशी रीत होती, आणि कारखान्याच्या सर्व्हिस पुस्तकात ते स्पष्ट छापलेले आहे. ते पुस्तक तेव्हा माझ्या टेबलावर न उघडता पडले होते.

बॅटरी उलटी लावूनही गाडी चालते, हीच यातली गोम आहे. सेल्फच्या मोटरीत फील्ड आणि आर्मेचर एकाच मालिकेत असल्यामुळे दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहते. दिव्यांना दिशेशी काही देणेघेणे नसते. फरक पडतो तो कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीला. स्पार्क प्लगच्या मधल्या तापलेल्या टोकाकडून कडेच्या थंड टोकाकडे इलेक्ट्रॉन सहज निघतात, उलट दिशेने निघायला जास्त दाब लागतो, म्हणजे ठिणगी दुबळी होते आणि चढावर इंजिन चुकते. बॅटरी फिरवली, डायनॅमोची दिशा पक्की करण्यासाठी रेग्युलेटरच्या दोन टोकांवर क्षणभर तार टेकवली, कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटचे अंतर पत्ती घालून पुन्हा लावले. अडखळणे गेले आणि अ‍ॅमीटरही सुधारला. बाबांना कळवले तेव्हा ते फक्त “हं” म्हणाले.

आता ब्रेक. आपण मराठीत सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकोलवर आधारलेले द्रव असते आणि ब्रेकमधले रबर त्याच्यासाठीच बनवलेले असते. माझ्या गाडीत मधल्या एका हाताने मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलचा दाब द्रवाला देणाऱ्या नळकांड्यात, खरोखरचे तेल, बहुधा इंजिनाचे, ओतले होते. खनिज तेलाने ते रबर फुगते, मऊ पडते आणि लगद्यासारखे होते. एका थेंबाने होणारे नुकसान चारही चाकांपर्यंत पोहोचते. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायांखाली, जमिनीच्या पत्र्याखाली दडलेला असतो. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आणि मागच्या प्रत्येकाला एक असे सहा चाक-सिलिंडर असतात. हे सारे, सर्व लवचीक होजेस आणि शेवटी पोलादी नळ्यासुद्धा बदलाव्या लागल्या. या बाबतीत काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण या गाडीत ब्रेकचे एकच वर्तुळ आहे. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असल्यामुळे तो गाडी उभी ठेवण्यापुरताच उपयोगाचा.

मागचे ड्रम काढणे हा स्वतंत्र पराक्रम आहे. ते निमुळत्या आसावर चावी घालून दाबून बसवलेले असतात आणि साध्या पुलरला, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराला, भीक घालत नाहीत. माझ्या आधी ज्याने प्रयत्न केला होता त्याने पुलर न वापरता ड्रमच्या कडेवर हातोडा चालवला होता. उजव्या ड्रमच्या कडेचा टवका उडाला होता आणि आसाच्या टोकाचे आटे ठेचले गेले होते. यासाठी चाकाच्या बोल्टांच्या भोकांत घट्ट बसणारा जाडजूड पुलर लागतो. तो आवळायचा, मधल्या स्क्रूवर घणाचा एक घाव घालायचा, पुन्हा आवळायचे, आणि मग सोडून जेवायला जायचे. आसाचे नट मात्र पूर्ण काढायचे नाही, दोन-चार आटे धरून ठेवायचे. हे का, ते मला रात्री सव्वाअकराला कळले. मी स्वयंपाकघरात होतो, गॅरेजातून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला आणि शेजाऱ्याचा कुत्रा भुंकू लागला. ड्रम सुटून नटावर आदळला होता. नट नसते तर तो भिंतीत असता. आत ब्रेकचे लायनर गिअर ऑइलने चिंब झालेले, कारण आसाचे सील केव्हाच गेलेले होते. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये; मी ती ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद केली.

याच सुमारास चाके टायर बदलण्यासाठी एका दुकानात नेली होती, गाडीसकट, आणि तिथल्या तरुण मुलाने डाव्या बाजूचे दोन बोल्ट हवेच्या पान्याने तोडून दिले. त्याला बोल लावता येत नाही. या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत हा त्यामागचा विचार. बोल्टाच्या माथ्यावर ‘एल’ हे अक्षरही असते, पण ते गंजाखाली होते, आणि सांगायला हवे होते ते मी.

शरीराविषयी थोडक्यात. फडक्यात गुंडाळलेले चुंबक गाडीभर फिरवले की पत्रा कुठे आहे आणि पुट्टी कुठे, ते लगेच समजते. माझ्या गाडीत मागच्या दोन्ही मडगार्डांच्या खालच्या वीतभर भागाला चुंबक चिकटतच नव्हते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा हा प्रसाद. तिथला आणि तळाचा कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडून घेतला, ‘स्टॉप’ची पाटी उतरवून गॅरेजच्या भिंतीवर लावली. पूर्ण रंग मात्र दिला नाही. छतावरचा मूळ निळा रंग विटला आहे, पण तो कारखान्यातला आहे, आणि एकदा खरवडला की तो परत आणता येत नाही. क्रोमवरही बारीक फोड आहेत. कोरियाच्या युद्धामुळे निकेलची टंचाई झाली होती आणि त्या वर्षांतल्या गाड्यांवरचा मुलामा पातळच होता. बंपर आरशासारखे करून आणणारे लोक पाहिले की मला १९५१ च्या ग्राहकाची थोडी दया येते, त्याला असा बंपर कधी मिळालाच नव्हता.

गाडी उभी राहिल्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच जास्त महत्त्वाचे आहे. पुस्तकाप्रमाणे दर हजार मैलांनी चेसिसच्या सगळ्या निपलांना ग्रीस द्यायचे. इंजिनातले तेल मी मैल न मोजता दर शरद ऋतूत बदलतो, कारण या इंजिनात सगळे तेल गाळून घेणारी चाळणी नाही, थोडासाच प्रवाह गाळणीतून जातो. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर खाते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि सगळे होज नव्या जातीचे घातले आहेत. थंडीसाठी गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरतो, पेट्रोल खराब होऊ न देणारे स्थिरक घालतो आणि बॅटरी काढून घरात आणतो. पण सर्वांत मोठी काळजी म्हणजे ती चालवणे. मिशिगनमध्ये २६ वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ नंबरपाटी मिळते. तिच्यावर मेळावे, मिरवणुका अशा कामांपुरतीच गाडी काढता येते, फक्त ऑगस्टमध्ये रोजच्या वापराला मोकळीक असते. त्या महिन्यात मी प्लायमाऊथ घेऊन भाजी आणायला जातो. तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा लोंढा निघतो, १९९५ पासून निघतो, तिथेही गेलो. पण तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत सरकण्यापेक्षा शेतांमधल्या रस्त्याने ताशी पंचेचाळीस मैलांनी जाणे तिला आणि मला जास्त मानवते.

मीही तिच्यात चार गोष्टी मूळच्या नसलेल्या घातल्या आहेत. पुढच्या दोन आसनांना पट्टे लावले. वळण दाखवणारे दिवे बसवले, ते त्या वर्षी जादा पैशांत मिळत आणि या गाडीत नव्हते. विजेच्या मुख्य तारेवर फ्यूज घातला आणि बॅटरी तोडणारा खटका बसवला. म्हणजे आता मधल्या हातांमध्ये माझाही हात आहे. म्हणून एक शंभरपानी वही आणून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवली आहे. कोणती तार कुठून कुठे जाते, इंजिन ट्रकचे आहे, नळी कोणत्या महिन्यात बदलली, ब्रेकमध्ये कोणता द्रव आहे, हे सगळे तारखांसह तिच्यात लिहिले आहे, इंग्रजीत, कारण पुढच्या माणसाला मराठी येईल याची खात्री नाही. पहिल्या पानावर लाल शाईने दोनच वाक्ये आहेत: बॅटरीचे प्लस टोक अर्थला लावा. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत.